किल्ल्यांचा जुडगा

आमच्या गावच्या देवळात, सभामंडपाच्या उजव्या अंगाला एक लहानशी खोली आहे. तिला खिडकी नाही. त्या खोलीत फणसाच्या लाकडाची एक जुनी पेटी असून तिला तीन कुलपे आहेत. देवाचे दागिने आणि उत्सवाची चांदीची उपकरणी तीत असतात. एक किल्ली अध्यक्षांपाशी, दुसरी खजिनदारांपाशी आणि तिसरी मुखत्यारांपाशी. जत्रेच्या आदल्या दिवशी हे तिघे एकत्र आले, म्हणजे ती पेटी उघडावयाची. एखाद्याला ताप आला, तर त्याने आपल्या मुलाच्या हाती किल्ली पाठवावयाची नाही. समितीला कळवून, वहीत नोंद करूनच ती दुसऱ्याच्या हाती जावयाची.

माझ्या लहानपणी आमचे वडील देवस्थानचे खजिनदार होते. त्यांची किल्ली आमच्या देवघरातील खुंटीला असे. मला त्या किल्लीचा फार अभिमान वाटे, आणि तितकाच रागही येई. आपल्या वडिलांसारख्या सज्जन माणसाला एकच किल्ली का? तिन्ही का नाहीत? मी एकदा त्यांना तसे विचारले. आमच्या घरी लिहिणे-वाचणे मराठीत होई आणि बोलणे कोंकणीत. वडील हसून म्हणाले, "तिनूय चावयो एकल्याच्याच हातांत आसल्यार ताका रातीं न्हीद कशी पडटली रे?"

ज्याच्या हाती सगळ्या किल्ल्या, त्याला झोप कशी लागावी? मला त्या वेळी हे उत्तर पटले नाही. त्याचा अर्थ कळावयास मला साठी गाठावी लागली, आणि तोही देवळात नव्हे, तर घरातील संगणकापुढे बसून कळला.

संगणक आमच्या घरी सन २००० मध्ये आला, तो दादांमुळे. दादा म्हणजे माझे वडील बंधू. ते नोकरीतून निवृत्त झाले आणि देवस्थानचे चिटणीस झाले. हिशेब, महाजनांची यादी, सभेचे वृत्तांत हे सारे टंकलिखित असावे अशी त्यांची हौस. त्या पहिल्या यंत्रावर विंडोज ९८ ही प्रणाली होती. तिचा एक गमतीदार गुण मला आठवतो. सुरुवातीला ती मोठ्या ऐटीत नाव आणि पासवर्ड विचारी; पण त्या चौकटीवर 'रद्द' म्हटले, की मुकाट्याने आत घेई! दाराशी पहारेकरी उभा, पण त्याला नुसता नमस्कार केला तरी तो बाजूला होणार, असा तो प्रकार. त्या प्रणालीत कोणती फाइल कोणाची, ही नोंद ठेवण्याची सोयच नव्हती. जो यंत्रापुढे बसला, तो सर्वाधिकारी.

पुढे २००५ मध्ये दुसरे यंत्र घेतले, त्यावर विंडोज एक्सपी होती. हिच्या पोटात खरी व्यवस्था होती. प्रत्येकाचे खाते निराळे, प्रत्येक फाइलीवर मालकाची नोंद, आणि कोणी काय करावे याची यादी. परंतु प्रणाली प्रथम बसविताना जी खाती तयार होत, ती सारी ॲडमिनिस्ट्रेटरच्या, म्हणजे प्रशासकाच्या दर्जाची असत. विक्रेत्याने एक खाते करून दिले, पासवर्ड ठेवला नाही, आणि आम्ही सारे घर त्याच एका खात्याने वावरू लागलो. देवळाच्या तिन्ही किल्ल्या जणू ओसरीवरच्या खुंटीला टांगून ठेवल्या होत्या.

आणि मग जे व्हावयाचे ते झाले. ते माझ्या हातून झाले, हे येथे कबूल केले पाहिजे. मी त्या वेळी शिक्षक होतो. शाळेतील प्रश्नपत्रिका पेन ड्राइव्हवर घालून मी घरी आणली आणि दादांच्या यंत्राला लावली. त्या काळी पेन ड्राइव्ह लावताच त्यातून आपोआप चालू होणारे विषाणू सर्वत्र बोकाळलेले होते. तसाच एक आत शिरला. दोन दिवसांत यंत्र चालेनासे झाले. दुरुस्त करणाऱ्याने सारी डिस्क पुसून नव्याने मांडणी केली आणि देवस्थानचे आठ महिन्यांचे हिशेब नाहीसे झाले. सुदैवाने पावती-पुस्तके कागदी होती. दादा आणि मी रोज तिन्हीसांजेनंतर समोरासमोर बसून, एक-एक पावती वाचीत, ते हिशेब पुन्हा लिहून काढले. दादा मला एका शब्दानेही बोलले नाहीत. त्यांच्या या न बोलण्याचा मला अधिक त्रास झाला.

ते काम संपले त्या दिवशी दादांनी यंत्राची नवी मांडणी केली. प्रशासकाचे खाते वेगळे काढले, त्याला लांबलचक पासवर्ड दिला, आणि घरातील प्रत्येकासाठी एकेक सामान्य खाते उघडले. मी माझ्या खात्यात शिरून मराठी टंकलेखनाचा प्रोग्रॅम सुरू करावयास गेलो, तो तो चालेना. प्रिंटर जोडावयास गेलो, तर परवानगी नाही. मला भारी अपमान वाटला. पस्तीस वर्षे ज्याने वर्गावर हुकमत चालविली, तो आपल्याच घरात 'सामान्य'! झालेल्या चुकीची ही शिक्षा आहे, असे मी मनाशी धरून बसलो आणि आठ दिवस यंत्राकडे फिरकलो नाही.

नवव्या दिवशी दादांनी मला हाक मारून जवळ बसविले आणि आपले खाते उघडून दाखविले. तेही सामान्यच होते. "अरे," ते म्हणाले, "मी काय रोज प्रशासक होऊन पत्रे लिहितो? यंत्राला मांडणी हवी असेल तेव्हा मी त्या खात्यात जातो, काम करतो आणि बाहेर येतो. येथे प्रश्न तुझ्यावर किंवा माझ्यावर विश्वास ठेवण्याचा नाहीच. आपण जो प्रोग्रॅम चालवतो, तो आपल्याच अधिकाराने चालतो. तुझ्या पेन ड्राइव्हमधून जो पाहुणा आला, त्याला यंत्राने तुझेच रूप समजून सगळी दारे उघडून दिली. तू सामान्य असतास, तर तोही सामान्यच राहिला असता."

या एका वाक्यात साऱ्या व्यवस्थेचे मर्म आहे. यंत्राला यजमान आणि यजमानाच्या पाठोपाठ शिरलेला भामटा यांतला भेद कळत नाही. दोघांच्या गळ्यात एकच ओळखपत्र असते. म्हणून रोजच्या कामासाठी जे ओळखपत्र घालावयाचे, ते शक्य तितके लहान असावे. जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर या दोघा अमेरिकन अभ्यासकांनी १९७५ च्या एका प्रसिद्ध निबंधात हेच तत्त्व मांडले: प्रत्येक माणसाने आणि प्रत्येक प्रोग्रॅमने आपल्या कामापुरत्या किमान अधिकारानेच चालावे. त्याच्याही आधी, १९६९ मध्ये, बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स प्रणालीची मुहूर्तमेढ रोवली. तिच्यात सर्वाधिकारी खात्याला 'रूट', म्हणजे मूळ, असे नाव आहे. प्रत्येक फाइलीपुढे मालक, त्याचा गट आणि इतर अशा तीन वर्गांची नोंद. आणि प्रत्येक वर्गाला वाचणे, लिहिणे आणि चालविणे असे तीन हक्क, दिलेले किंवा न दिलेले. इतकी साधी ही रचना. पण आज आपल्या खिशातील अँड्रॉइड फोनच्या मुळाशीही तीच आहे. त्या फोनमध्ये तर प्रत्येक ॲप हाच एक वेगळा वापरकर्ता मानला जातो. एकाने दुसऱ्याच्या खोलीत डोकावू नये, म्हणून.

आता दादांची मांडणी योग्य होती, तरी माझी तक्रारही अगदीच खोटी नव्हती. त्या काळचे अनेक प्रोग्रॅम, वापरणारा प्रशासकच असणार, असे गृहीत धरून लिहिलेले असत. ते आपली बारीकसारीक टिपणे प्रणालीच्या अंतर्भागात नेऊन ठेवीत आणि सामान्य खात्यात अडून बसत. जानेवारी २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा सर्वांसाठी विक्रीस आली, तेव्हापासून ही अडचण हळूहळू कमी झाली. तिच्यात एक नवी रीत आली. प्रशासकाच्या खात्याने आत आलेल्यालाही यंत्र दोन ओळखपत्रे देते. एक सामान्य आणि एक पूर्ण अधिकाराचे. रोजचे काम पहिल्यावर चालते. प्रणालीत बदल करण्याची वेळ आली, की पडदा मंद होतो आणि यंत्र विचारते, हे करावयाचे ना? सामान्य खाते असेल, तर ते प्रशासकाचा पासवर्ड मागते.

आमचे भटजी पूजेला जाताना स्नान करून सोवळे नेसतात, गर्भकुडीत जातात, आणि पूजा आटोपली की ते सोडून नेहमीच्या वस्त्रांत बाहेर येतात. सोवळे नेसून कोणी बाजारात जात नाही. पूर्ण अधिकाराचेही तसेच आहे. तो कामापुरता नेसावयाचा आणि काम झाले की उतरवून ठेवावयाचा. मात्र एक सांगितले पाहिजे. पडदा मंद झाला की न वाचता 'होय' म्हणण्याची सवय लागली, तर या सोवळ्याला अर्थ उरत नाही. म्हणूनच प्रशासकाचे खाते निराळे आणि रोजचे निराळे, ही दादांची रीत अधिक भक्कम.

दादा २०२२ मध्ये गेले. त्यांचे शेवटचे यंत्र, २०१२ साली घेतलेले, त्यांच्यामागे काही महिने तसेच झाकून ठेवलेले होते. पुढल्या वर्षी जत्रा जवळ आली आणि गावात एक वाद उभा राहिला. पालखी निघाल्यावर पहिला विसावा कोणत्या घराच्या अंगणात व्हावयाचा, यावर दोन घरांत मतभेद. दोन्ही घरे जुनी, दोन्ही महाजनांची. बोलणे वाढले, एका घराने जत्रेला न येण्याची भाषा केली. सर्वांचे म्हणणे एकच पडले, की दादांना हे ठाऊक होते; त्यांनी कोठे तरी लिहून ठेवले असेल. मी यंत्राचे बटण दाबले, तर ते सुरूच होईना. आतले काही जळून गेले होते.

माझी नात मुक्ता या विषयात शिकते. तिने यंत्रातील डिस्क काढून आपल्या संगणकाला जोडली. डिस्क शाबूत होती. 'देवस्थान' या नावाचे फोल्डर उघडले. दादांच्या स्वतःच्या फोल्डरवर मात्र तिने बोट ठेवले, तर पडद्यावर चौकट आली. "आबा, उगडना," ती म्हणाली. मी म्हटले, "दादांच्या नावाचे खाते तुझ्या यंत्रावर उघड, म्हणजे ते दाद देईल." ती हसली, पण मला पटावे म्हणून तिने तसे केले. दार उघडले नाही.

मग तिने मला समजावून सांगितले. यंत्र नाव ओळखत नाही. खाते तयार होताना त्याला एक लांबलचक क्रमांक मिळतो आणि फाइलीवर मालक म्हणून नोंद होते ती त्या क्रमांकाची. नाव ही केवळ माणसांच्या सोयीसाठी लावलेली पाटी. दुसऱ्या यंत्रावर त्याच नावाचे खाते काढले, तरी क्रमांक वेगळा. म्हणून तो माणूसही वेगळा. आमच्या गावात एकाच नावाची चार माणसे आहेत. महाजनांच्या यादीत त्यांच्या वडिलांचे नाव आणि घर पाहिल्याशिवाय कोणी मत देऊ शकत नाही. यंत्राची तऱ्हा तीच!

चौकटीत लिहिले होते, की या फोल्डरची परवानगी तुम्हांला सध्या नाही. 'पुढे चला' म्हटल्यास ती कायमची मिळेल. मुक्ता या यंत्राची प्रशासक. तिला तो अधिकार होता. बोट बटणावर ठेवून ती म्हणाली, "आबा, दाबू?"

मी तिला थांबविले. ते 'कायमची' मला खटकले. मुक्ता म्हणाली, ते खरेच आहे. बटण दाबले की तिच्या खात्याचे नाव त्या फोल्डरच्या यादीत लिहिले जाते आणि कोणी मुद्दाम पुसेपर्यंत तसेच राहते. प्रशासकाला याहूनही अधिक करता येते. कोणी त्याचे नाव यादीतून काढून टाकले, तरी तो फोल्डरची मालकीच स्वतःकडे घेऊ शकतो. "म्हणजे तुझ्यापासून काहीच झाकून राहत नाही," मी म्हटले. "नाही," ती म्हणाली, "म्हणून तर विचारते."

आम्ही उठून वहिनींकडे गेलो. मृत माणसाची पेटी उघडावयाची तर आधी घरच्या माणसाला विचारावे, हे मला कोणी शिकविण्याची गरज नव्हती. वहिनींनी सारे ऐकून घेतले, देवघरात गेल्या आणि एक पाकीट घेऊन आल्या. वडिलांची किल्ली ज्या खुंटीला असे, तिच्याच खालच्या खणात ते होते. वर माझे नाव. आत प्रशासकाच्या खात्याचा पासवर्ड आणि खाली दादांच्या वळणदार अक्षरात दोन ओळी: "देवस्थानचे ते देवस्थानला द्यावे. माझे फोल्डर तू उघड. तुझ्याखेरीज कोणी नको."

पासवर्ड निरुपयोगी ठरला. ज्या यंत्राचा तो होता ते जळून गेले होते. चिठ्ठी मात्र उपयोगी पडली. यंत्र जी परवानगी देऊ शकत नव्हते, ती तीत होती. मुक्ताने आपल्या संगणकावर माझे एक खाते उघडले, मला घटकाभरापुरते प्रशासक केले, बटण मला दाबावयास लावले, आणि पुन्हा सामान्य केले. यादीत नाव लिहिले गेले ते माझे.

पालखीचे टिपण सापडले. पण त्यात निकाल नव्हता. दोन्ही घरांतील वृद्धांनी सांगितलेली हकीकत, कोणी आणि कोणत्या वर्षी सांगितली त्यासह, दादांनी जशीच्या तशी उतरून घेतली होती. शेवटी इतकेच, की दोन्ही म्हणणी खरी वाटतात. ठरविण्याचा अधिकार सभेचा. मी ते सभेत वाचून दाखविले. आपल्या आजोबांचे शब्द ऐकून दोन्ही घरची माणसे निवळली, आणि एक वर्षाआड दोन्ही अंगणांत पहिला विसावा व्हावा, असे ठरले.

त्या रात्री मुक्ताने मला आणखी एक गोष्ट दाखविली. 'देवस्थान' फोल्डरात प्रत्येक वर्षाचे हिशेब निराळे होते. त्यांच्या परवान्यांच्या यादीत दादांचे नाव आता दिसत नव्हते, नुसता तो लांब क्रमांक दिसे. चालू वर्षाच्या फोल्डरवर त्या क्रमांकाला वाचण्याचा आणि लिहिण्याचा हक्क होता. ज्या ज्या वर्षांचे हिशेब सभेत मंजूर झाले होते, तेथे मात्र त्याच क्रमांकाला केवळ वाचण्याचा हक्क. दादांनी स्वतःच्याच हातून स्वतःचा लिहिण्याचा हक्क काढून टाकला होता. कोणी सांगितले नव्हते, कोणी तपासणार नव्हते. मी त्या क्रमांकाकडे किती तरी वेळ पाहत राहिलो.

वाचकांच्या उपयोगी पडावे म्हणून दोन गोष्टी नोंदवितो. पहिली अशी, की सामान्य खाते यंत्राचे आणि घरातल्या इतरांचे रक्षण करते. आपल्या स्वतःच्या फाइलींचे नव्हे. खंडणीखोर प्रोग्रॅम आपल्या खात्यात शिरला, तर आपण ज्या फाइली लिहू शकतो, त्या साऱ्या तोही बिघडवू शकतो. प्रणाली पुन्हा बसविता येते; आजोबांचे शब्द पुन्हा मिळत नाहीत. त्यासाठी एक प्रत वेगळ्या डिस्कवर असावी आणि ती डिस्क एरवी यंत्रापासून सुटी ठेवलेली असावी. दादा देवस्थानच्या फाइलींची अशी प्रत दर महिन्याला काढीत. स्वतःच्या टिपणांची मात्र त्यांनी काढली नाही.

दुसरी गोष्ट, परवाने हे तिजोरीचे कुलूप नव्हे. तो पहारेकरी आहे, आणि त्याची सत्ता त्याच्या यंत्रापुरती. डिस्क काढून दुसरीकडे जोडली, की तेथला प्रशासक नवा. खरे कुलूप हवे, तर डिस्कवरील मजकूरच सांकेतिक केला पाहिजे. अलीकडील कित्येक यंत्रांत हे कुलूप आपोआप लागलेले असते. विंडोजमध्ये त्याची पुनर्प्राप्तीची किल्ली ४८ अंकी असते. ती कोठे आहे, हे घरात निदान आणखी एका माणसाला ठाऊक हवे. नाही तर आपल्यामागे चिठ्ठी असूनही दार उघडणार नाही.

आता देवस्थानचे हिशेब मी लिहितो. नव्या यंत्रावर माझे खाते सामान्य आहे आणि प्रशासकाचा पासवर्ड मुक्ताने ठेवला आहे. त्याची एक प्रत पाकिटात घालून मी त्याच खणात ठेवली असून वर तिचे नाव लिहिले आहे. प्रिंटर बदलावयाचा झाला, तर मला नातीला हाक मारावी लागते. ती येते, पासवर्ड घालते, आणि मी तोवर खिडकीबाहेर पाहतो. पूर्वी यात मला कमीपणा वाटे. हल्ली रात्री अंथरुणाला पाठ टेकली, की वडिलांचा तो प्रश्न आठवतो, आणि त्याचा विचार करता करताच डोळा लागतो.